लाल टाचांच्या शालनताई

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, लंडनच्या ईलिंगमधील आमच्या विहाराच्या हॉलबाहेर असलेल्या चपलांच्या मांडणीतील सर्वांत वरच्या फळीवरची, उजव्या कोपऱ्यातली जागा कायमची रिकामी झाली आहे. सदर जागेवर कोणीही आपले ओले ट्रेनर्स, मुलांचे चिखलाचे वेलिंग्टन बूट अथवा टेस्कोच्या पिशव्या ठेवू नयेत. उल्लंघन करणाऱ्यास दंड नाही. फक्त शालनताईंनी हे पाहिलं असतं तर आपल्याकडे कसं बघितलं असतं, याची त्याने घटकाभर कल्पना करावी.

हा मजकूर मीच लिहिला आणि मीच तिथं चिकटवला. कमिटीनं तो अजून काढलेला नाही, यावरून शालनताईंचा दरारा लक्षात यावा.

बातमी आली तेव्हा मी शाळेत नाटकाची तालीम घेत होते. तीस वर्षं मी इथल्या मुलांना नाटक शिकवते, त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्या गंभीर बातम्या मला काहीतरी विचित्र हातात धरलेलं असतानाच कळतात. या वेळी माझ्या हातात सैतानाची शेपूट होती, ती शिवायची होती. फोनवर मित्रा, म्हणजे शालनताईंची लेक संघमित्रा, केंब्रिजहून निघालेल्या ट्रेनमध्ये होती. ती इथंच जन्मली, वाढली, आता तिकडे प्रयोगशाळेत काम करते. "नंदामावशी, आई गेली," ती म्हणाली. "पप्पा चहा गरम करून आणायला गेले, आणि तेवढ्यात... She just went." मी विचारलं, त्रास झाला का गं? मित्रा म्हणाली, नाही, पप्पा म्हणतात लिपस्टिकसुद्धा हललेली नव्हती. मी शेपूट हातात घेऊन रडले आणि मग थोडं हसलेही. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली बाई दुपारच्या उन्हात, लिपस्टिक लावून, नवऱ्याला चहा गरम करायला पिटाळून निघून जाते... याला मी तरी दुःखद निधन म्हणायला तयार नाही.

त्यांची माझी ओळख झाली ती त्या माझ्यासमोर गुडघ्यावर बसलेल्या असताना. ईलिंग ब्रॉडवेजवळ स्पेनच्या एका कंपनीचं बायकांच्या शूजचं दुकान होतं. काचेआड एकेक जोड स्वतंत्र दिव्याखाली असा उभा असायचा, की पडदा उघडल्यावर नायिकेनं पहिल्या टाळीची वाट पाहावी. पावसानं भिजलेले ट्रेनर्स घालून मी केवळ आडोशाला म्हणून आत शिरले. शालनताई तेव्हा नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन तिथं अर्धा दिवस काम करत होत्या. आयुष्यभर वॉर्डात काळे, चपटे, आवाज न करणारे बूट घातले, आता मला आवाज करायचाय, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आणि नोकरी मिळवली. त्यांनी मला बसवलं, समोर गुडघ्यावर बसल्या, माझा ओला मोजा काढला आणि पायाच्या दुसऱ्या बोटावरून अंगठा फिरवत शुद्ध मराठीत म्हणाल्या, "जोडवी कधी काढलीस?"

मी चाट. जोडवी मी लंडनला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात काढून ठेवली होती, पण बोटाला त्यांची बारीक खाच राहिलेली होती. माझ्या सासूबाईंच्याही लक्षात न आलेली गोष्ट या बाईनं अर्ध्या मिनिटात पकडली होती. मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर त्या म्हणाल्या की जोडव्यांचं मला काही नाही, पण तुझी चौथी बोटं बघ, बिचारी शेजारच्या बोटाखाली लपून बसलीयत. मग त्यांनी सोनेरी टाचांचा एक जोड माझ्या पायात घातला आणि त्याची ओळख करून दिली. ती ओळख मी नंतर शेकडो वेळा ऐकली. "बाहेरून नटी, आतून गोधडी." त्या कंपनीची सगळी करामत या चार शब्दांत होती. बाहेर हातानं शिवलेलं चामडं, नखरेल टाच, आणि आत पावलाखाली अशी मऊ गादी की उभं राहिल्यावर कुणीतरी आपली चौकशी केल्यासारखं वाटावं. मी तो जोड घेऊन बाहेर पडले. सोनेरी टाचा घालून शाळेत जाता येत नाही, वाणसामान आणायला जाता येत नाही, आणि मला तिसरीकडे कुठं जायचंच नसायचं. हे मी त्यांना परत जाऊन सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, मग रविवारी आमच्या विहारात ये.

आणि इथं या गोष्टीतली खरी गंमत सुरू होते. कारण विहारात चपला बाहेर काढतात.

म्हणजे विचार करा. शालनताई उंचीनं अगदी ठेंगण्या. त्यांनी पांढरीशुभ्र साडी टाचेच्या उंचीला मापून नेसायची, गाडीतून उतरून दारापर्यंत टक टक टक करत यायचं, साऱ्या बायकांनी मान वळवून बघायचं, आणि दारात पोचल्यावर ते सगळं वैभव काढून फळीवर ठेवायचं. एका क्षणात बाई चार बोटं खाली यायच्या आणि साडी जमिनीवर लोळायला लागायची. त्यावर त्यांनी उपाय शोधला होता. दाराशी भिंतीकडे तोंड करून, कुणाला कळायच्या आत, त्या कमरेपाशी साडीची एक जादा घडी खोचायच्या. रंगमंचावर इतक्या झटपट पोशाखबदल करणारी नटी मला मिळाली असती, तर माझी निम्मी नाटकं सुधारली असती.

मी एकदा त्यांना विचारलं की एवढ्या सुंदर वस्तू बाहेर ठेवून आत जाताना वाईट नाही वाटत? तेव्हा त्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि सांगितलं की त्यांची आई गावातल्या वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायची. घ्यावी लागायची. आळी संपली की ओढ्याशी पाय धुवून परत घालायची. "तिथं काढायला लावायचे. इथं मी माझ्या मनानं काढते," त्या म्हणाल्या. "नंदा, त्यात किती अंतर आहे ते तुला चालून आल्याशिवाय कळायचं नाही." आणि पुन्हा कांदा चिरायला लागल्या. या विषयावर त्या याहून जास्त कधी बोलल्या नाहीत.

आता दाराशी उभ्या असलेल्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. विहाराच्या चपलांची व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक म्हणजे शालनताईंचे यजमान, वसंतराव. भुयारी रेल्वेत सिग्नलचं काम करून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे, आणि नियमाला पक्के. लाल दिवा म्हणजे लाल दिवा. एकदा हिवाळ्यात शालनताईंनी गुडघा दुखतोय, फरशी गार आहे, आजच्या दिवस घालून येऊ द्या, असं लाडीगोडीनं म्हणून पाहिलं. वसंतरावांनी खिशातून लोकरीचे मोजे काढून पुढे केले. संसारात याहून गोड नकार मी पाहिलेला नाही.

दुकानात कामाला लागल्यावर शालनताईंनी काय केलं, तर विहारातल्या एकूण एक बाईला त्या स्पॅनिश शूजची दीक्षा दिली. एका सेलमध्ये काळ्या चामड्याचा, सोनेरी बकलचा एकच नमुना सगळ्यांना पसंत पडला आणि पुढच्या बुद्धपौर्णिमेला सगळ्या तोच घालून आल्या. वंदना झाली, खीर झाली, भाषणं झाली. आणि बाहेर येऊन बघतात तो फळ्यांवर काळ्या चामड्याच्या, सोनेरी बकलच्या जोडांची पलटण उभी! आपल्या बायकांची मापंही साधारण सारखीच. जिच्या पायात जे शिरलं ते घालून ती घरी गेली. पुढचा आठवडाभर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. माझ्याकडे दोन डावे आले होते, ते मी धीरानं घालून घरापर्यंत गेले होते. वसंतरावांना हा व्यक्तिशः अपमान वाटला असावा, कारण त्यानंतरच्या कार्यक्रमाला ते कपडे वाळत घालायचे चिमटे घेऊन हजर झाले. प्रत्येक जोडाला एक चिमटा, चिमट्यावर नाव. बायकोच्या चिमट्यावर मात्र त्यांनी नाव घातलं नाही. ते म्हणाले, तिचा जोड मला कळतो.

सगळ्यात बहारीचा किस्सा स्पेनचा. दोघं सुटीसाठी अलिकांतेला गेले तेव्हा मीही सोबत होते, माझ्या नवऱ्याला ऊन सोसत नाही म्हणून एकटीच. समुद्रावर दोन दिवस बसल्यावर शालनताईंनी जाहीर केलं की आता आपण शूज बनतात ते गाव बघायला जाणार. आधी फोन करून त्यांनी सगळं ठरवलेलंच होतं. कारखाना लहान, मोठाल्या खिडक्यांचा, लांब टेबलांशी बायका बसलेल्या. कुणी लाकडी साच्यावर चामडं ताणतेय, कुणी टाच चढवतेय, कुणी आतली गादी चिकटवतेय. आम्ही दाराशी आलो आणि मागे वळून बघते तर वसंतराव खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडतायत. आत जमिनीवर बारीक खिळे सांडलेले होते! तिथली मुख्य बाई हातवारे करत धावत आली. वसंतरावांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं की इथं लोक हातानं काम करतात, तेव्हा बूट घालून कसं यायचं? ते तिला स्पॅनिशमध्ये कुणीतरी समजावलं. मग ती बाई हसली नाही. तिनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या नाड्या परत बांधल्या. शालनताईंनी तेव्हा दुसरीकडे तोंड फिरवलं होतं. कौतुक लपवायचं असलं की त्या असं करायच्या. आणि जाताना त्यांनी तिथूनच आपला तो लाल जोड घेतला. गर्द लाल चामडं, तळही चामड्याचा, टाच अशी की चालताना मागून कुणीतरी टाळ्या वाजवतंय असं वाटावं.

त्या जोडाबद्दलची इच्छा त्यांनी गेल्या वर्षी सांगितली. हृदयाचं दुखणं कळून चुकलं होतं, पण त्याचा बाऊ नव्हता. मित्रा आली होती, मी पोहे घेऊन गेले होते, वसंतराव पेपर वाचत होते. शालनताई म्हणाल्या, की मला नेताना पांढरी साडी नेसवा आणि पायात माझे लाल शूज घाला. वसंतरावांनी पेपर खाली केला. ते म्हणाले, "तिथं मूर्ती असणार, शालन."

"असू दे की."

"मूर्तीसमोर जोडे?"

"अहो, आत येताना माणूस चपला काढतो. मी येणार नाहीये, मी निघणार आहे. निघताना घालतातच ना?"

वसंतरावांनी पेपर वर केला. शालनताईंनी मात्र मित्राचा हात धरून तिच्याकडून कबूल करून घेतलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या की नंदा साक्षीदार. पोहे गार झाले होते, तेही त्यांनी लक्षात आणून दिलं.

त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच टेबलाशी बसलो होतो आणि मित्रानं तो विषय काढला. वसंतराव हळूच म्हणाले, की तिच्या हयातीत ती एकदाही जोडे घालून मूर्तीसमोर गेली नाही, आता तिला विचारता येत नाही तेव्हा मी तिला तसं कसं पाठवू? रागानं नव्हते बोलत. तोच तर त्रास होता. रागावले असते तर भांडता आलं असतं. "पण पप्पा, मी प्रॉमिस केलंय आईला," मित्रा म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी शाळकरी झाला. "मी तिला दुसरं काहीच दिलं नाही. नातवंडं नाही, जवळचं घर नाही. हे एकच मागितलं तिनं." वसंतराव उठले आणि बागेत जाऊन उभे राहिले. ते नाही म्हणाले नव्हते. पण हो तर अजिबातच म्हणाले नव्हते.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये तोवर लाल जोड गेलेला होता, हे इथं नम्रपणे नमूद करते.

शालनताईंना साडी नेसवायला आम्ही दोघीच गेलो होतो. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीतली बाई गोड होती, पण शूज बघितल्यावर तिनं मान हलवली. चामडं चालेल, म्हणाली, पण फोम आणि रबर भट्टीत चालत नाही, धूर होतो. तिनं अंगठ्यानं आतली गादी दाबून पाहिली. मित्राचा चेहरा उतरला. मी विचारलं, काढता येईल का? तिनं एक पातळ सुरी आणली, टाचांखालची रबरं पकडीनं उपसली, आणि आतल्या गाद्या अलगद सोडवून माझ्या हातात ठेवल्या. त्या मऊ गाद्यांवर शालनताईंची पाचही बोटं उमटलेली होती, अंगठ्याचा खळगा सगळ्यात खोल. म्हणजे त्या नेहमी थोड्या पुढे झुकून चालायच्या, कुणाला तरी गाठायला निघाल्यासारख्या. मला इतक्या वर्षांत ते दिसलं नव्हतं. मित्रानं आईच्या पायात शूज घातले. मी तिला म्हटलं, आता गादी नाही, टोचतील का गं? काय विचारतेय तेही मला कळत नव्हतं. मित्रा रडता रडता हसली. "मावशी, तिला आता कुठे स्टँडिंग जॉब आहे?"

त्या गाद्या सध्या माझ्या कपाटात आहेत, रेशमी साड्यांच्या खणात. कधी कधी मी त्यावर हात ठेवते. आत पाय घालायचा प्रयत्न केला नाही... मापच वेगळं.

विधीच्या दिवशी क्रिमेटोरियमच्या चॅपलमध्ये समोर मूर्ती ठेवली होती, मेणबत्त्या, पांढरी फुलं. वसंतराव सवयीनं दारात उभे राहिले, आणि त्यांना तिथं पाहून माणसांनी सवयीनं पायातलं काढलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तिथल्या कर्मचाऱ्यानं व्हरांड्यात भिंतीलगत चपलाबुटांची ती लांबच लांब रांग पाहिली आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. आत आम्ही सगळे मोज्यांवर, गार फरशीवर, मुलाबाळांसकट. भंतेजींनी त्रिशरण पंचशील दिलं. शालनताईंच्या पायांवर मित्रानं आणि मी पांढरी शाल घातली होती आणि वर फुलं रचली होती. पण टाचा त्या टाचा! शालीखाली दोन उंचवटे दिसतच होते. आम्ही दोघी पायांच्या बाजूला चिकटून उभ्या होतो आणि मनातल्या मनात मी पुढचा सगळा प्रसंग रंगवत होते. वसंतरावांना दिसणार. ते ओरडणार नाहीत. ते फक्त वाकून काढतील, सगळ्यांदेखत, जसे आयुष्यभर इतरांचे दारात काढायला लावले तसे. आणि मित्रानं दिलेला शब्द तिथं फरशीवर जोडीनं उभा राहील.

एकेक जण फूल वाहून गेला. शेवटी वसंतराव आले. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं, कपाळावर हात ठेवला, मग वाकून पायांवर फूल ठेवायला गेले. शाल सरकली. शुभ्र साडी, पांढरी फुलं, आणि त्यातून बाहेर आलेली ती दोन गर्द लाल टोकं. संपूर्ण चॅपलमध्ये पायात जोडे असलेली एकच व्यक्ती होती.

मित्रानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. वसंतरावांनी शाल हातात घेतली. मला वाटलं, झाकतील. ती त्यांनी घोट्यापर्यंत वर केली, नीट घडी घालून बाजूला ठेवली. मग त्यांचा हात डाव्या शूजकडे गेला. मागे कुणीतरी खोकायचं थांबलं. त्यांनी टाच धरली आणि तशीच धरून राहिले, बराच वेळ, बोटांनी चाचपत. नंतर दुसऱ्या हातानं खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, आणि भंतेजींसकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मान वर न करता म्हणाले,

"अगं मित्रा, डाव्या टाचेला पॉलिश करायचं राहिलंय की."